टीएसएच नॉर्मल, तरी थायरॉईड कमी? पीयूषिका ग्रंथी आणि तिच्या हाताखालच्या ग्रंथी

ओंजळ

नमस्कार. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. गेल्या काही दिवसांत इथेच दोन-तीन धाग्यांवर 'टीएसएच नॉर्मल आहे, म्हणजे थायरॉईडचं काही नाही' हे वाक्य वाचलं आणि आता लिहायलाच हवं असं वाटलं. मी जीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. पण या एका वाक्यापायी माझ्या ताईची नऊ वर्षं गेली.

तिच्या दुसऱ्या बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला. रक्त चढवावं लागलं, दोन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. वाचली, बाळही सुखरूप. पण तिला दूध आलंच नाही. पहिल्या खेपेला भरपूर आलं होतं. 'अशक्तपणा आहे, येईल हळूहळू' असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. पाळीही परत सुरू झाली नाही. मग थकवा, सतत थंडी वाजणं, काखेतले केस जाणं, चेहरा मेणासारखा फिकट होत जाणं. दर एक-दोन वर्षांनी कुणीतरी थायरॉईड तपासून घ्यायला सांगायचं आणि दर वेळी टीएसएच २ च्या आसपास यायचं. 'थायरॉईड उत्तम आहे, मन कशात तरी रमवा.'

आता मुद्दा. टीएसएच हे थायरॉईडचं, म्हणजे अवटु ग्रंथीचं, संप्रेरक नाहीच. ते पीयूषिका, म्हणजे पिट्युटरी, ग्रंथीने अवटु ग्रंथीला धाडलेला निरोप आहे. अवटु ग्रंथीचं उत्तर म्हणजे टी४ आणि टी३. आपण निरोप मोजतो आणि त्यावरून उत्तराचा अंदाज बांधतो. हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, कारण पीयूषिका उत्तराकडे डोळ्यांत तेल घालून बघत असते. रक्तातलं टी४ निम्म्यावर आलं तर टीएसएच दुप्पट होत नाही, शंभर पटींच्या आसपास चढतं. इतका नाजूक काटा हाताशी असल्यावर डॉक्टर आधी तोच बघणार, त्यात चूक काही नाही. पण निरोप धाडणारीच आजारी असेल तर? टी४ कितीही खाली गेलं तरी टीएसएच वर चढणार नाही. रिपोर्टवर आकडा 'नॉर्मल' दिसेल आणि माणूस गळत जाईल.

ही पीयूषिका आहे तरी केवढी? जेमतेम वाटाण्याएवढी, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाच्या हाडात एक खोलगट बैठक असते, तिला शरीररचनाशास्त्रात 'तुर्की खोगीर' असंच नाव आहे. त्या खोगिरात ती बसलेली असते आणि एका बारीक देठाने वरच्या अधश्चेतकाला, म्हणजे हायपोथॅलॅमसला, जोडलेली असते. खरी गोष्ट त्या देठात आहे. अधश्चेतकातली रसायनं साऱ्या शरीरात न फिरता या देठातल्या चिमुकल्या शिरांमधून थेट पीयूषिकेच्या पुढच्या भागात उतरतात. म्हणून ती इतकी थोडी लागतात. अवटूसाठीचा वरून येणारा हुकूम म्हणजे टीआरएच, तो अवघ्या तीन अमिनो आम्लांचा. त्याची रचना १९६९ मध्ये उलगडली, आणि त्याआधी रॉजर गिलेमिन यांनी मेंढ्यांच्या आणि अँड्र्यू शॅली यांनी डुकरांच्या लाखो मेंदूंमधून तो थेंबाथेंबाने वेगळा काढला होता. दोघे एकाच रेणूमागे, एकमेकांशी चढाओढ करत, वर्षानुवर्षं लागले होते. १९७७ चं नोबेल दोघांना मिळालं, आणि त्याच वर्षी त्याच पारितोषिकाचा अर्धा वाटा रोझलिन यालो यांना. त्यांनी सॉलोमन बर्सन यांच्याबरोबर शोधलेल्या पद्धतीमुळेच रक्तातली इतकी सूक्ष्म संप्रेरकं मोजता येऊ लागली. आपल्या रिपोर्टवरचा टीएसएचचा आकडा त्या वाटेने आला आहे.

पीयूषिकेच्या हाताखाली थेट तीन घरं येतात: अवटु, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, आणि बीजांडकोश किंवा वृषण. अधिवृक्कांना एसीटीएच जातं आणि उत्तरादाखल कॉर्टिसॉल, म्हणजे आजारपणात आणि ताणात शरीराला सावरणारं संप्रेरक, येतं. बीजांडकोशांना आणि वृषणांना एलएच आणि एफएसएच ही जोडगोळी जाते. शिवाय वाढीचं संप्रेरक आणि दूध आणणारं प्रोलॅक्टिन. मागच्या भागातून ऑक्सिटोसिन आणि पाणी राखणारं व्हासोप्रेसिन. अशी आठ संप्रेरकं ती बनवते.

ताईचं काय झालं ते आता कळेल. गरोदरपणात प्रोलॅक्टिनच्या पेशी वाढतात म्हणून पीयूषिका फुगते, तिची रक्ताची गरज वाढते. पण पुढच्या भागाला मिळणारं बरंचसं रक्त देठातल्या त्या शिरांमधून, कमी दाबाने येतं. प्रसूतीत खूप रक्त गेलं, रक्तदाब कोसळला, की पहिला फटका तिथे बसतो आणि पेशी मरतात. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये हे मांडलं, म्हणून शीहान सिंड्रोम. दूध न येणं ही त्याची बहुतेकदा पहिली खूण. ती पहिल्या आठवड्यातच आमच्यासमोर होती.

नवव्या वर्षी एका डॉक्टरांनी टी४ तपासलं. अगदी तळाला. त्यांनी लगेच थायरॉक्सिन, म्हणजे टी४ची गोळी, सुरू केलं आणि दहाव्या दिवशी ताई उलट्या होऊन बेशुद्ध पडली. सोडियम ११८ (ते १३५ ते १४५ असावं लागतं). तिच्यात कॉर्टिसॉलही नव्हतं, आणि थायरॉक्सिनने शरीराचा वेग वाढवल्यावर होतं नव्हतं तेही झपाट्याने संपलं. आधी कॉर्टिसॉल भरून काढायचं, मग थायरॉक्सिन, हा क्रम मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी वर्गात फलकावर या ग्रंथींची आकृती वर्षानुवर्षं काढत होते, बाणांसकट.

कुणाच्या घरात असं चित्र असेल तर एकच करा. निरोप आणि उत्तर, दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला सांगा.

---

सांजपाखरू

वाचताना अंगावर काटा आला. टीएसएच थायरॉईडमधून येत नाही हेच मला आज कळलं, आणि मी बारा वर्षं गोळी घेते आहे. ताई आता कशा आहेत?

---

पिंपळपान

मी अंतःस्रावी ग्रंथींचा डॉक्टर आहे. धागा फार चांगला आहे, म्हणूनच दोन दुरुस्त्या करतो.

पीयूषिका आठ नाही, सहा संप्रेरकं बनवते. ऑक्सिटोसिन आणि व्हासोप्रेसिन अधश्चेतकातल्या चेतापेशी बनवतात. ती त्यांच्या लांब तंतूंमधून खाली येतात आणि मागच्या भागात फक्त साठवून ठेवलेली असतात. मुळात या दोन भागांचा जन्मच वेगळा. गर्भात पुढचा भाग तोंडाच्या छतातून वर सरकतो, मागचा मेंदूतून खाली उतरतो, आणि दोघे खोगिरात भेटतात. मागच्या भागाला स्वतःच्या रोहिण्या आहेत, म्हणून शीहानमध्ये तो सहसा बचावतो. तुमच्या ताईंना वारंवार लघवीचा त्रास झाला नसेल, बघा.

दुसरं. अशा रुग्णात टीएसएच कमी, नॉर्मल किंवा किंचित जास्तही निघतं. त्या रेणूवरच्या साखरेच्या साखळ्या नीट बसलेल्या नसतात, त्यामुळे प्रयोगशाळेला तो दिसतो, मोजला जातो, पण अवटूवर त्याचा जोर चालत नाही. निरोपाचं पाकीट पोहोचतं, आत मजकूर अर्धवट.

आणि एक विनंती. हे वाचून प्रत्येकाने पीयूषिकेचा एमआरआय करायला धावू नये. थायरॉईड कमी असलेल्या बहुसंख्य लोकांत दोष अवटूतच असतो आणि तिथे टीएसएच ही पहिली तपासणी योग्यच आहे. लक्षणं आणि आकडा एकमेकांना धरून नसतील तेव्हा फ्री टी४, म्हणजे रक्तात मोकळं फिरणारं टी४, मागवायचं.

---

ओंजळ

डॉक्टर, मनापासून आभार. आठचा आकडा माझाच चुकला, पुढच्या तासाला तो वर्गातही दुरुस्त करेन. लघवीचा त्रास खरंच कधी नव्हता.

पण शेवटच्या मुद्द्यावर थोडं बोलते. लक्षणं आणि आकडा जुळत नाहीत हे कळायला लक्षणं विचारावी लागतात. नऊ वर्षांत तिला 'बाळंतपणानंतर दूध आलं होतं का, पाळी परत आली का' हा प्रश्न एकदाही कुणी विचारला नाही. त्याला ना रक्त काढावं लागतं, ना यंत्र लागतं.

---

पिंपळपान

मान्य. पूर्णपणे मान्य. त्यात आणखी एक भर घालतो, तुम्ही लिहिलेल्या 'फिकट' या शब्दावरून. अधिवृक्क स्वतः निकामी झाल्या तर पीयूषिका जिवाच्या आकांताने एसीटीएच पाठवत राहते आणि त्या भरात त्वचा काळवंडते: हाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण. पीयूषिका निकामी झाली तर एसीटीएचच नसतं आणि रंग उतरतो. कॉर्टिसॉल दोघांतही कमी. रुग्ण दारातून आत येतो तेव्हाच तळहात बघावेत असं मला माझ्या शिक्षकांनी शिकवलं होतं.

---

रेघोटी

डॉक्टर आहेत म्हणून विचारते. पाळी अनियमित म्हणून तपासण्या केल्या, प्रोलॅक्टिन ६८ आलं. रिपोर्टवर लाल अक्षरात. मैत्रीण म्हणते मेंदूत गाठ असते. चार रात्री झोप नाही.

---

पिंपळपान

आधी सांगा, गरोदर नाही ना हे तपासलं आहे का, आणि सध्या कोणकोणती औषधं चालू आहेत? पित्ताची, उलटीची, मानसिक आजाराची, कोणतीही.

---

रेघोटी

गरोदर नाही, तपासलं आहे. पित्तासाठी एक गोळी आहे रोज सकाळी. आता पाकीट बघितलं, त्यात डॉमपेरिडोन लिहिलं आहे. चार महिने झाले.

---

पिंपळपान

मग बहुधा तेच कारण. प्रोलॅक्टिनची तऱ्हा बाकीच्यांपेक्षा उलटी आहे. इतर संप्रेरकांना वरून 'सोड' असा हुकूम लागतो. प्रोलॅक्टिनवर मात्र अधश्चेतकाचा हात सदैव दाबलेला असतो, आणि तो हात म्हणजे डोपामिन. डॉमपेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड, रिस्पेरिडोन ही औषधं डोपामिनला अडवतात. हात उचलला जातो, प्रोलॅक्टिन वर येतं. देठावर दाब आला तरी हेच होतं. थायरॉईड फार कमी असेल तरीही, कारण वाढलेलं टीआरएच प्रोलॅक्टिनच्या पेशींनाही ढोसतं. सुई टोचायच्या भीतीनेसुद्धा थोडं चढतं.

तुमच्या डॉक्टरांना विचारून ती गोळी निदान तीन दिवस बंद ठेवा आणि पुन्हा मोजा. टीएसएचही बघा. मानसिक आजाराची औषधं मात्र कुणीही या कारणाने परस्पर बंद करू नयेत.

आणि समजा, गाठ निघालीच. 'मेंदूत गाठ' हे शब्द कानाला भयंकर लागतात, पण प्रोलॅक्टिनच्या गाठी जवळजवळ नेहमी साध्या असतात आणि बहुतेकांना शस्त्रक्रिया लागतच नाही. कॅबरगोलिन नावाची गोळी आठवड्यातून एक-दोनदा घेऊन त्या आक्रसतात. झोपा आज.

---

उंबरठा

आमच्या बाबांची गोष्ट सांगतो, दुसऱ्या टोकाची. त्यांची अंगठी बोटातून निघेना, मग कापावी लागली. जोडे दर दोन-तीन वर्षांनी मोठे. घोरणं वाढलं, घाम फार, आवाज जड झाला. आम्ही रोज बघत होतो, म्हणून कुणाला काही दिसलं नाही. पंधरा वर्षांनी भेटायला आलेला त्यांचा शाळासोबती दारातच थबकला आणि म्हणाला, 'हा तू नाहीस.' त्याने बाबांचा जुना फोटो मागून घेतला आणि चेहऱ्याशेजारी धरला. भुवयांचं हाड पुढे आलेलं, जबडा लांबलेला, दातांत फटी.

वाढीच्या संप्रेरकाची गाठ होती. ॲक्रोमेगली. ते संप्रेरक दिवसभर उसळ्या मारत येतं, गाढ झोपेत सगळ्यात जास्त, त्यामुळे एका वेळेच्या मोजणीला अर्थ नसतो. म्हणून यकृतात त्याच्या सांगण्यावरून तयार होणारं आयजीएफ-१ मोजलं, आणि मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून बघितलं. निरोगी माणसात साखर पोटात गेल्यावर हे संप्रेरक दबतं. बाबांचं हललंच नाही.

आणखी एक खूण, जी आम्ही वयावर ढकलली. ते दाराच्या चौकटीला खांदे आपटत चालायचे. पीयूषिकेच्या डोक्यावरच दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. गाठ वर वाढली की नेमक्या ओलांडणाऱ्या तंतूंवर दाब येतो आणि दोन्ही कडांचं दिसणं जातं. समोरचं वर्तमानपत्र ते व्यवस्थित वाचत होते.

शस्त्रक्रिया नाकातून झाली. बाहेर एकही टाका नाही. तिसऱ्या दिवसापासून मात्र तांब्यामागून तांब्या पाणी आणि पाण्यासारखी लघवी, दिवसाला सात-आठ लिटर. रक्तातली साखर ठीक. मागच्या भागाला धक्का लागला होता. डेस्मोप्रेसिन या व्हासोप्रेसिनसारख्या औषधाने आटोक्यात आलं आणि पुढे महिन्याभरात आपोआप थांबलं.

---

ओंजळ

उंबरठा, त्या शाळासोबत्याचा प्रसंग मी विसरणार नाही. पूर्वी वर्गात 'वाढीचं संप्रेरक जास्त झालं की ॲक्रोमेगली' एवढं एका ओळीत संपायचं.

तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून एक गोष्ट, जी मला दर वेळी नव्याने थक्क करते. पाणी राखणारं व्हासोप्रेसिन आणि कळा व दुधाची धार आणणारं ऑक्सिटोसिन, दोन्ही नऊ अमिनो आम्लांची, आणि दोघांत फरक फक्त दोन जागांचा. व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत घडवलं आणि १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नऊ मण्यांच्या माळेतले दोन मणी बदलले की मूत्रपिंडाचा निरोप गर्भाशयाचा होतो.

---

कोरा कागद

भाषेचा माणूस आहे, म्हणून एक भर. या ग्रंथीचं युरोपीय नाव, पिट्युटरी, लॅटिनमधल्या कफाच्या शब्दावरून आलं आहे. मेंदूतला कफ हिच्यातून गाळून नाकात उतरतो अशी जुनी समजूत होती, आणि १५४३ मध्ये शरीररचनेचा मोठा ग्रंथ छापणारे व्हेसालियसही तीच धरून होते. आपल्याकडे परिभाषा घडवणाऱ्यांनी 'पीयूषिका' निवडलं. पीयूष म्हणजे अमृत हे सगळ्यांना माहीत असतं. पण संस्कृतात त्याचा आणखी एक अर्थ आहे: गाय व्याल्यानंतरचं पहिल्या काही दिवसांचं दूध, म्हणजे आपला चीक. नाव देणाऱ्याच्या मनात हा अर्थ होता का कोण जाणे, पण ओंजळ यांच्या ताईंची हकीकत वाचल्यापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही.

---

सांजपाखरू

कोरा कागद, सुंदर. मधुमेहाचा हिच्याशी संबंध असतो का? इन्सुलिनलाही हीच हुकूम देते?

---

पिंपळपान

नाही. स्वादुपिंड रक्तातली साखर बघून स्वतः ठरवतं, परावटु ग्रंथी कॅल्शियम बघून. 'सगळ्या ग्रंथींची राणी' ही पदवी त्यामुळे मला पटत नाही. तिच्यावर अधश्चेतक आहे आणि तिच्या राज्याबाहेरही बरंच काही आहे. संबंध आहे तो आडवळणाचा: वाढीचं संप्रेरक आणि कॉर्टिसॉल दोन्ही साखर वर चढवतात. बर्नार्डो उसाय यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं की पीयूषिकेचा पुढचा भाग काढला की मधुमेहाची तीव्रता उतरते. १९४७ चं नोबेल. उंबरठा, बाबांची साखर आधी वाढलेली होती का?

---

उंबरठा

होती. शस्त्रक्रियेनंतर गोळ्या निम्म्यावर आल्या.

---

भिजपाऊस

माझा प्रश्न साधा आहे. आईला सांधेदुखीसाठी दोन वर्षं स्टेरॉईडची गोळी आहे. आता बरं वाटतंय म्हणून तिने परवापासून स्वतःच बंद केली. आज खूप मलूल आहे, मळमळतंय. याचा या विषयाशी संबंध आहे का?

---

पिंपळपान

आहे, आणि थांबू नका. आजच, आत्ता, त्यांना दवाखान्यात न्या आणि 'दोन वर्षांची स्टेरॉईड परवा अचानक बंद केली' हे पहिलं वाक्य सांगा. बाहेरून कॉर्टिसॉलसारखं औषध येत राहिलं की पीयूषिका एसीटीएच पाठवणं थांबवते, आणि निरोप नाही म्हणून अधिवृक्क आक्रसतात. त्यांना पुन्हा जागं व्हायला आठवडे-महिने लागतात. म्हणून ही गोळी पायरीपायरीने उतरवायची असते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

---

भिजपाऊस

नेलं. रक्तदाब ८० वर ५० होता. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसॉल, दिलं, रात्री उठून बसली आणि बोलली. हा धागा आज समोर आला नसता तर मी उद्यापर्यंत वाट बघितली असती.

---

ओंजळ

भिजपाऊस, वाचून डोळे भरून आले. आईंना ठेवून घेतलं असेल ना? बरं झालं.

सांजपाखरू, तुम्ही पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं आणि ते राहूनच गेलं. ताई छान आहे. हायड्रोकॉर्टिसोन सकाळी उठल्या उठल्या मोठा डोस आणि दुपारी लहान, कारण निरोगी शरीरातही कॉर्टिसॉल पहाटे-सकाळी शिखरावर असतं आणि मध्यरात्री तळाला. ताप आला की डोस दुप्पट, उलट्या होऊन गोळी पोटात ठरत नसेल तर इंजेक्शन, हे घरातल्या सगळ्यांना पाठ आहे, तिच्या धाकट्यालाही. पर्समध्ये एक कार्ड असतं. थायरॉक्सिन रोज सकाळी. तिची मात्रा टीएसएच बघून कधीच ठरवत नाहीत, फ्री टी४ बघून ठरवतात.

मागच्या महिन्यात तिला एका नव्या दवाखान्यात दाखवलं. तिथे रिपोर्ट बघून सांगितलं, 'टीएसएच ०.०५, गोळी जास्त होतेय, निम्मी करा.' तिने दुसरा कागद पुढे सरकवला. फ्री टी४ अगदी मधोमध. 'हा निरोप माझ्याकडे नीट येतच नाही,' ती म्हणाली, 'तुम्ही उत्तर बघा.' डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, मग बाळंतपणाबद्दल विचारलं, आणि गोळी होती तशीच ठेवली.